गाठीची हद्द

माझ्या नोकरीची पहिली काही वर्षे जमिनीच्या मोजणीशी संबंध असलेल्या कामात गेली. त्या काळात एक गोष्ट माझ्या मनावर कायमची ठसली. कचेरीतल्या नकाशावर जी रेघ असते ती आणि शेतात जो बांध असतो तो, ह्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. नकाशावरच्या रेघेविषयी सहसा कोणाची तक्रार नसते. तंटा उभा राहतो तो ती रेघ जमिनीवर नेमकी कोठे पडते ह्याविषयी. एका वर्षी नदीकाठच्या एका गावात पुराने हद्दीचे दगड वाहून नेले आणि काठही खचला. नकाशा हातात होता, भूकरमापक अनुभवी होता, दोन्ही शेजारी समोर उभे होते. आणि तरीही कुदळ कोठे मारावी हे कोणालाच सांगता येईना.

आज श्रोत्यांपुढे जो विषय मांडावयाचा आहे तो जमिनीचा नाही, शरीराचा आहे. परंतु त्यातली अडचण त्या नदीकाठच्या अडचणीसारखीच आहे, म्हणून ही आठवण प्रथम सांगितली. मी वैद्य नव्हे, शास्त्रज्ञही नव्हे. वाङ्मय घेऊन एम. ए. झालेला आणि पुढे सरकारी कागदांत रमलेला एक मनुष्य ह्या विषयाकडे कसा वळला, हे सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या वहिनींच्या मेंदूत गाठ असल्याचे निष्पन्न झाले. एमआरआय यंत्रातून काढलेली चित्रे डॉक्टरांनी पडद्यावर दाखविली. करड्या रंगाच्या मेंदूत उजव्या बाजूस एक पांढरा, वेडावाकडा डाग स्पष्ट दिसत होता. शस्त्रक्रिया झाली, शल्यविशारद कुशल होते आणि मनाने सरळही होते. बाहेर येऊन ते म्हणाले, "दिसले तेवढे सर्व काढले." दोन दिवसांनी पुन्हा चित्र घेतले, तेव्हा डागाच्या एका कडेला बारीकशी पांढरी चंद्रकोर शिल्लक होती. माझे थोरले बंधू त्या चित्राकडे कितीतरी वेळ पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "फोटोत दिसत होते ना रे? मग राहिले कसे?" त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. वहिनी त्यानंतर सोळा महिने जगल्या. दादांचा प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे, मला जमेल तेवढे, उत्तर आहे.

प्रथम हे चित्र कसे निघते ते पाहू. आपल्या शरीराचा बराच मोठा भाग पाण्याचा आहे आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. हायड्रोजनच्या अणूचे केंद्र हे एक अतिसूक्ष्म लोहचुंबकच होय. रुग्णालयातल्या यंत्रात रुग्णाला ज्या चुंबकाच्या पोकळीत निजवितात, त्याचे सामर्थ्य बहुधा दीड टेस्ला असते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. इतक्या जबर चुंबकापुढे हायड्रोजनची केंद्रे भोवऱ्यासारखी डोलत एका ठराविक लयीत फिरू लागतात. दीड टेस्लाच्या यंत्रात ही लय सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख फेऱ्यांची असते. रेडिओवर बोलताना हे आवर्जून सांगण्यासारखे आहे, की ह्या लहरी आपल्या एफ. एम. केंद्रांच्या लहरींच्या शेजारीच बसतात. त्याच लयीची रेडिओलहर बाहेरून सोडली, की केंद्रे तिच्याशी ताल धरतात. लहर थांबविली, की ती हळूहळू पूर्वस्थितीला येतात आणि येता येता स्वतःच एक क्षीण लहर बाहेर टाकतात. यंत्र ऐकते ते ह्या परतीच्या लहरीला.

हा ताल पदार्थात उमटतो हे फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल ह्या दोघांनी १९४६ साली स्वतंत्रपणे दाखविले आणि १९५२ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्या वेळी हे शास्त्र रसायनांच्या परीक्षेपुरतेच होते. १९७१ साली रेमंड डॅमेडियन ह्यांनी उंदरांच्या गाठींवर प्रयोग करून असे दाखविले, की गाठीतल्या पाण्याला पूर्वस्थितीला यावयास निरोगी भागातल्या पाण्यापेक्षा अधिक वेळ लागतो. १९७३ साली पॉल लॉटरबर ह्यांनी ह्या लहरींवरून प्रत्यक्ष चित्र कसे उभारावे हे सिद्ध केले; त्यांचे पहिले चित्र पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांचे होते. इंग्लंडमध्ये पीटर मॅन्सफील्ड ह्यांनी चित्र झपाट्याने घेण्याची रीत बसविली. लॉटरबर आणि मॅन्सफील्ड ह्यांस २००३ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

ह्या यंत्राचा मोठा गुण असा, की त्याला खोलीचे भय नाही. कवटीच्या आत, पोटाच्या तळाशी, मणक्यांच्या मध्ये, कोठेही ते सारख्याच सहजतेने पोहोचते. परंतु ह्याच गुणाच्या पोटी त्याची मर्यादाही आहे. ते चित्र शस्त्रक्रियेच्या आधीचे असते. ते नकाशा देते. शेत दाखवीत नाही.

शल्यविशारद कवटी उघडतो त्या क्षणी काय होते, हे मला पुढे वाचनातून कळले. मेंदूभोवतीचा द्रव वाहून जातो, आतला दाब बदलतो आणि मेंदू आपल्याच भाराने किंचित खाली बसतो. ही सरक कधी काही मिलिमीटरांची, तर कधी एक सेंटिमीटरभराची किंवा त्याहूनही अधिक असते. म्हणजे आदल्या दिवशी काढलेला नकाशा बिनचूक असतो. पण पूर येऊन काठ खचलेला असतो. त्यात ह्या जातीच्या गाठीची कड निरोगी मेंदूत झाडाच्या मुळांसारखी शिरलेली असते आणि तिचा रंग शेजारच्या मेंदूहून फारसा वेगळा नसतो. थोडे अधिक कापावे, तर रुग्णाची वाचा किंवा हात जाण्याची धास्ती. थोडे कमी कापावे, तर गाठ मागे राहण्याची. शल्यविशारदाची भिस्त अशा वेळी मुख्यतः दोन गोष्टींवर असते: आपली दृष्टी आणि बोटांना जाणवणारा मऊकठीणपणा. "दिसले तेवढे काढले" हे वाक्य अक्षरशः खरे होते. दिसण्यालाच मर्यादा होती.

मग दिसणेच वाढविता येणार नाही काय? ह्या विचारातून प्रकाशाचा मार्ग पुढे आला. बँकेच्या खिडकीवर नोट तपासताना जांभळट दिव्याखाली तिच्यातले तंतू चमकताना आपण पाहिले असतील. एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश परत टाकण्याच्या ह्या गुणाला प्रतिदीप्ती म्हणतात. केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स ह्यांनी १८५२ साली त्याचे विवेचन केले. असा गुण असलेला रंग गाठीत जाऊन बसला आणि निरोगी भागात बसला नाही, तर शस्त्रक्रियेच्या मेजावर गाठ आपोआप उजळून निघेल.

ही कल्पना हवेतली राहिलेली नाही. अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल नावाचा एक साधा पदार्थ शस्त्रक्रियेच्या काही तास आधी रुग्णाला पाण्यातून पाजतात. मेंदूच्या उग्र गाठीतल्या पेशी त्याचे एका लाल चमकणाऱ्या द्रव्यात रूपांतर करतात, आणि निळ्या दिव्याखाली गाठ गुलाबी तांबडी दिसू लागते. जर्मनीत झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ह्या उपायाने ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांच्यापैकी शेकडा ६५ जणांची चित्रात उजळणारी गाठ पूर्ण निघाली. नेहमीच्या पांढऱ्या दिव्याखाली हे प्रमाण शेकडा ३६ होते. अमेरिकेत ह्या औषधाला २०१७ साली मान्यता मिळाली. अंडाशयाच्या कर्करोगासाठी फोलेट ह्या जीवनसत्त्वाला जोडलेल्या एका चमकत्या रंगालाही तेथे २०२१ साली मान्यता मिळाली. त्या गाठींच्या पेशी फोलेट हावरेपणाने ओढून घेतात, ह्या गोष्टीचा त्यात उपयोग केला आहे.

परंतु प्रकाशाची मर्यादा चुंबकाच्या नेमकी उलट आहे. अंधाऱ्या खोलीत हाताच्या पंजामागे विजेरी धरून पाहावी. पंजा लाल दिसतो. निळा किंवा हिरवा दिसत नाही. रक्त निळाहिरवा प्रकाश गिळून टाकते आणि तांबडा काही अंशी पार होऊ देते. तांबड्याच्या थोडे पलीकडे, डोळ्यांना न दिसणाऱ्या ७०० ते ९०० नॅनोमीटरांच्या पट्ट्यात, रक्त आणि पाणी हे दोघेही प्रकाशाला त्यातल्या त्यात कमी अडवितात. म्हणून शास्त्रज्ञ ह्या पट्ट्याला खिडकी म्हणतात आणि त्यात चमकणारे रंग निवडतात. ते पाहावयास खास कॅमेरा लागतो. तरीही ही खिडकी फार खोल नाही. एखाददुसऱ्या सेंटिमीटरापलीकडे चित्र विस्कटते. तेव्हा उघड्या जखमेत प्रकाश अतिशय उपयोगी. पण कवटी उघडण्यापूर्वी गाठ कोठे आहे हे त्याच्याने सांगवत नाही.

म्हणजे एकाजवळ नकाशा आहे आणि दुसऱ्याजवळ शेत. दोघांची सांगड घालावयाची, तर हद्दीवर असा एखादा दगड हवा, की जो कचेरीतल्या नकाशावरही उमटेल आणि शेतातही डोळ्यांना दिसेल. दोन वेगवेगळी औषधे दिली, तर एक गाठीच्या एका भागात आणि दुसरे दुसऱ्या भागात जाऊन बसेल, आणि दोन साक्षीदारांच्या दोन जबान्या होतील. खूण एकच असावी. तिच्या एका अंगाला चुंबकाला कळणारे द्रव्य असावे आणि दुसऱ्या अंगाला प्रकाशाला कळणारे. ही दोन्ही अंगे एकत्र बांधून ठेवण्याचे काम ज्याच्याकडे आले, तो पदार्थ म्हणजे बहुवारिक, अर्थात पॉलिमर.

पॉलिमर म्हटले, की आपल्यापुढे प्लास्टिकची बादली उभी राहते. परंतु पॉलिमर म्हणजे एकाच प्रकारचे लहान रेणू माळेतल्या मण्यांप्रमाणे गुंफून झालेला लांब रेणू. मग ते नायलॉन असो, कापूस असो की भातातला स्टार्च असो. अशा माळा खरोखर असतात हे हेरमान श्टाउडिंगर ह्यांनी १९२० साली मांडले, तेव्हा अनेक रसायनशास्त्रज्ञांना ते पटले नाही. १९५३ साली त्यांनाच त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या माळेचा मोठा गुण म्हणजे तिच्यावर अनेक ठिकाणी अनेक वस्तू टांगता येतात. एकाच लांब रेणूवर औषध, त्याला वाट दाखविणारा घटक आणि रक्तात विरघळविणारा घटक असे तिन्ही टांगावेत, ही कल्पना हेल्मुट रिंग्सडॉर्फ ह्यांनी १९७५ साली मांडली. आजच्या दुहेरी खुणा ह्याच कल्पनेच्या वंशातल्या आहेत.

ह्या कामात आलेला एक पॉलिमर असा आहे, की महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यात काम केलेल्यांनी त्याला शिव्याच दिल्या असतील. ऊस तोडून दोनतीन दिवस पडून राहिला, की त्यात एक जंतू वाढतो आणि साखरेपासून बुळबुळीत चिकटा तयार करतो. त्यामुळे रस गाळावयास कठीण जातो आणि साखरेचे दाणे नीट पडत नाहीत. ह्या चिकट्याचे नाव डेक्स्ट्रान. हाच पदार्थ शुद्ध करून घेतला, की शरीराला चांगला सोसतो; रक्तस्राव झालेल्या रुग्णांच्या शिरेत तो द्रवरूपाने भरण्याची पद्धत पूर्वीपासून आहे. लोखंडाच्या ऑक्साइडाचा काही नॅनोमीटरांचा कण घेऊन त्यावर डेक्स्ट्रानचे वेष्टण चढविले, तर तो कण रक्तात गुठळ्या न होता तरंगत राहतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटराचा दहा लाखावा भाग. रक्तातली तांबडी पेशी सुमारे सात हजार नॅनोमीटर रुंद असते. ह्या हिशेबाने तो कण किती लहान ते ध्यानात येईल. असा कण जेथे जाईल तेथे आजूबाजूच्या पाण्याचा ताल बिघडवितो आणि एमआरआय चित्रात तेवढा भाग काळा पडतो.

अमेरिकेत बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी ह्या डेक्स्ट्रानच्या धाग्यांना एकमेकांशी टाके घालून वेष्टण पक्के केले आणि त्यावर तांबड्याच्या पलीकडे चमकणारा एक रंग जोडला. २००३ साली त्यांनी जो प्रयोग प्रसिद्ध केला, तो माझ्या दादांच्या प्रश्नाला सरळ भिडतो. मेंदूत गाठ असलेल्या उंदरांना हा कण टोचला. प्रथम एमआरआयमध्ये गाठ कोठे आहे ते पाहिले. मग कवटी उघडून त्याच गाठीची कड त्याच कणाच्या प्रकाशात पाहिली. ह्या कडेवर विश्वास ठेवावा कसा, ह्याचीही तजवीज त्यांनी केली होती. गाठीच्या पेशींतच एक हिरवे चमकणारे प्रथिन आधी घालून ठेवले होते. कणाने दाखविलेली हद्द आणि त्या हिरव्या प्रथिनाने दाखविलेली खरी हद्द ताडून पाहता त्या चांगल्या जुळल्या. मोजणीच्या भाषेत बोलावयाचे, तर नकाशा आणि शेत ह्यांचा मेळ बसला.

दुसरा मार्ग गॅडोलिनियम ह्या धातूचा. त्याच्या अणूत सात एकटे इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्यामुळे शेजारचे पाणी लवकर पूर्वस्थितीला येते आणि चित्रात तो भाग काळा न पडता उजळतो. वहिनींच्या चित्रातला पांढरा डाग ह्याच धातूच्या औषधाने उजळला होता. मोकळा गॅडोलिनियम विषारी असतो, म्हणून तो एका सेंद्रिय रेणूच्या पिंजऱ्यात कोंडूनच देतात. असे पहिले औषध अमेरिकेत १९८८ साली मान्य झाले. परंतु त्याचा एकेक रेणू फार दुबळा साक्षीदार आहे. ते पुष्कळ जमले तरच चित्रात काही उमटते. येथे झाडाच्या फांद्यांप्रमाणे फुटत जाणारा एक पॉलिमर उपयोगी पडला. त्याला डेंड्रिमर म्हणतात. एका गड्ड्यातून फांद्या, त्या फांद्यांतून पुन्हा फांद्या. दर पिढीला टोके दुप्पट. त्याच्या एका प्रसिद्ध प्रकारात पाचव्या पिढीला १२८ टोके होतात. इतकी टोके असली, की काहींवर गॅडोलिनियमचे पिंजरे आणि काहींवर चमकता रंग टांगता येतो.

कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे रॉजर त्सिएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या कामात अशी दुहेरी खूण आहे. वर ज्या हिरव्या प्रथिनाचा उल्लेख केला, त्याच्यावरील कामाबद्दल ह्याच त्सिएन ह्यांस २००८ साली दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांच्या खुणेत आणखी एक युक्ती होती. पेशीला चिकटणारा धनभारित तुकडा आणि त्याला झाकून ठेवणारा ऋणभारित तुकडा ह्यांना जोडणारा दुवा असा निवडला होता, की तो गाठीतल्या काही एंझाइमांनीच तुटावा. पसरणारी गाठ आजूबाजूचे अडथळे कुरतडून वाट काढते आणि त्यासाठी हे एंझाइम पाझरते. गाठीने आपल्याच हत्याराने दुवा कापला, की झाकण निघते आणि खूण तेथेच चिकटते. चोराने कुलूप तोडावे आणि त्याच वेळी त्याच्या हाताला रंग लागावा, तसा हा प्रकार. हे प्रयोगही उंदरांवरच झाले.

हे ऐकून श्रोते विचारतील, आणि दादांनी मला विचारलेच, की इतकी वर्षे झाली, मग हे रुग्णालयात का नाही? प्रकाशाचे औषध आले, चुंबकाचे औषध तर केव्हाच आले. दोन्ही एकत्र करणारी खूण मात्र नित्याच्या शस्त्रक्रियेत अद्याप आलेली नाही. ह्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण हिशेबाचे आहे. प्रकाशाला चमकत्या रंगाची अगदी अल्प मात्रा पुरते. चुंबकाला त्याच्या हजारो पट द्रव्य लागते. म्हणजे एकाच खुणेवर दोघांचे प्रमाण अतिशय विषम ठेवावे लागते. रंगाचे रेणू फार दाटीने बसविले, तर ते एकमेकांचाच प्रकाश विझवितात. लोखंडाच्या कणाला फार जवळ बसविले, तर तो कणही प्रकाश गिळतो. म्हणून मध्ये पॉलिमरचे योग्य जाडीचे अंतर राखावे लागते. हे अंतर प्रयोगशाळेत एकदा साधणे निराळे आणि कारखान्यात प्रत्येक घाणीत तंतोतंत तसेच साधणे निराळे.

दुसरे कारण वाटेचे आहे. सहाएक नॅनोमीटरांहून लहान कण मूत्रपिंडे गाळून टाकतात. मोठे कण यकृत आणि प्लीहा पकडतात. जपानमधील यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा ह्यांनी १९८६ साली दाखविले, की गाठीतल्या रक्तवाहिन्या कच्च्या बांधणीच्या असतात आणि मोठे रेणू त्यांतून पाझरून गाठीत साठतात. ह्या निरीक्षणावर फार मोठी आशा उभी राहिली. परंतु कॅनडातील एका गटाने दहा वर्षांतल्या प्रसिद्ध प्रयोगांचा आढावा २०१६ साली घेतला, तेव्हा टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचलेल्यांचे मध्यक प्रमाण शेकडा ०·७ इतकेच निघाले. शंभरातला एकही नाही. आणि ही मोजदाद प्राण्यांतली. माणसाच्या गाठी तर एकीसारखी दुसरी नसते.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे. जे आत गेले ते बाहेर केव्हा येणार? गॅडोलिनियमची औषधे लाखो रुग्णांना सुखरूप मानवली. तरीही २००६ साली असे ध्यानात आले, की ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती त्यांच्यापैकी काहींना त्यामुळे कातडी आणि अवयव कठीण होण्याचा दुर्धर विकार जडला. पिंजरा सैल होता आणि धातू शरीरात फार वेळ रेंगाळला. २०१७ साली युरोपात सैल पिंजऱ्याच्या औषधांपैकी बऱ्याच औषधांचा वापर थांबविण्यात आला. आता पॉलिमरची खूण तर मुद्दामच रक्तात अधिक वेळ राहावी म्हणून घडविलेली असते. म्हणजे जो तिचा गुण तोच तिचा दोष होण्याचा संभव. शिवाय डेक्स्ट्रानला टाके घालण्यासाठी बोस्टनच्या कणात जे रसायन वापरले होते ते स्वतःच विषारी आहे; उंदरांत जे चालले ते माणसांत जसेच्या तसे चालविणे शक्य नव्हते. ह्यावर उपाय शोधले जात आहेत: काम संपल्यावर शरीरातच विरघळून निरुपद्रवी होणारे पॉलिमर, आणि गॅडोलिनियमऐवजी लोखंड, की जे शरीर आपल्या रक्तासाठी वापरून टाकू शकते. लोखंडाच्या अशाच एका वेष्टित कणाला अमेरिकेत २००९ साली रक्तक्षयावरील औषध म्हणून मान्यता मिळाली, ही आशा वाटावी अशी गोष्ट आहे.

ह्या विलंबाविषयी एक शब्द माझ्या पेशातून सांगावासा वाटतो. लोक आम्हां सरकारी नोकरांना म्हणतात, की तुम्ही फाइली अडवून ठेवता. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु औषधाच्या मान्यतेची फाइल जेव्हा हळू चालते, तेव्हा तिच्यात एक न विचारलेला मनुष्य हजर असतो: ज्याला हे औषध टोचले जाणार आहे आणि ज्याला त्यातले काहीही कळत नाही असा रुग्ण. उपचाराच्या औषधाने थोडी इजा केली, तर बदल्यात ते रोग हटविते. खुणेचे औषध रोग हटवीत नाही. ते केवळ दाखविते. म्हणून त्याच्या निर्दोषपणाची कसोटी अधिक कडक असणे न्यायाचेच आहे. त्याच वेळी हेही खरे, की ह्या कसोट्यांचा खर्च मोठा असतो, आणि वर्षाकाठी ज्या औषधाची गरज मोजक्या रुग्णांना लागणार त्यासाठी तो खर्च उचलावयास कोणी व्यापारी सहज पुढे येत नाही. यकृताच्या चित्रासाठी निघालेले डेक्स्ट्रान वेष्टित लोखंडाचे एक औषध अमेरिकेत १९९६ साली मान्य झाले होते; २००८ च्या सुमारास ते बाजारातून गेले. चांगली वस्तू केवळ चांगली आहे म्हणून टिकत नाही. तिच्या पाठीशी कोणीतरी उभे राहावे लागते. असे उभे राहणे हे सार्वजनिक पैशाचे आणि सार्वजनिक संस्थांचे काम आहे, असे मला माझ्या अनुभवावरून वाटते.

गेल्या दिवाळीत मी गावी गेलो होतो. वहिनींची ती चित्रे दादांनी अजून कपाटात जपून ठेवली आहेत. त्या रात्री मी त्यांना हे सारे, आज येथे सांगितले त्याच क्रमाने, सांगितले: चित्र आधीचे कसे, मेंदू सरकतो कसा, गाठीला रंग का नसतो आणि एकाच खुणेने दोन्हीकडे दिसावे म्हणून कोठे काय चालले आहे. ते मधे काही बोलले नाहीत. शेवटी त्यांनी एकच विचारले, "म्हणजे त्या डॉक्टरांची चूक नव्हती?" मी म्हणालो, "नव्हती, दादा. त्यांच्याजवळ नकाशा होता. शेतात दगड नव्हता."

दादा उठले आणि त्यांनी ती चित्रे पुन्हा पाकिटात घालून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी मला त्या शल्यविशारदांचा पत्ता मागितला. शस्त्रक्रियेनंतर ते त्यांना एकदाही भेटले नव्हते. त्यांना पत्र लिहावयाचे आहे, असे म्हणाले.